नत्थूजींच्या कपाळावरचा गॉगल

मित्रांनो, मी एक जुना सेफ्टी गॉगल आहे. उन्हात मिरवायचा काळा गॉगल निराळा. त्याचा रुबाब माझ्याकडे नाही. माझी काच बिनरंगाची, काड्या जाड आणि दोन्ही बाजूंना छोटी झाकणं, म्हणजे कडेनंही काही आत शिरू नये. काच म्हणतो खरा, पण मी मुळात प्लॅस्टिकचा. तसं साधंसुधं प्लॅस्टिक नव्हे हं! ज्या कारखान्यात माझा जन्म झाला, तिथं साच्यातून बाहेर पडल्या पडल्या आमच्यातल्या एखाद्याला परीक्षेला बसवत आणि त्याच्या काचेवर उंचावरून पोलादी गोळी सोडत. माझ्या शेजारच्या भावावर ती वेळ आली, तेव्हा मी गर्भगळीत झालो होतो. गोळी टणकन उडून बाजूला पडली आणि भावाला साधी चीरही गेली नाही. त्या दिवशी आम्ही सगळेच जरा ताठलो. आपल्याला कोण काय करणार, अशी एक घमेंड माझ्या अंगात शिरली आणि ती पुढं बरीच वर्षं टिकली.

नागपूरला मी आलो एका खोक्यातून, अकरा भावांसोबत. सक्करदऱ्याला तलावाच्या अलीकडच्या गल्लीत एक वर्कशॉप आहे. तिथं लोखंडी गेट, खिडक्यांच्या ग्रिल, जिन्याचे कठडे बनतात. त्या वर्षी मालकांना मिहान या उद्योगनगरीतल्या एका कंपनीचं कठड्यांचं काम मिळालं होतं. त्या कंपनीच्या गेटवर हेल्मेट, बूट आणि गॉगल असल्याशिवाय कोणालाही आत सोडत नसत. म्हणून आमची खरेदी झाली. खरं सांगायचं तर कामगारांच्या डोळ्यांच्या काळजीनं आम्हाला कोणी आणलं नव्हतं. गेटवरच्या पहारेकऱ्याला दाखवायला आणलं होतं. मिहानचं काम आटोपलं आणि माझे भाऊ चार दिशांना पांगले. एक खिळ्याला लटकून धूळ खात राहिला. एक मालकांच्या गाडीच्या डिकीत गेला. एकाची काडी तर कोणीतरी रंगाच्या डब्याचं झाकण उचकटायला वापरली आणि तिथंच त्याचा कारभार आटोपला.

मी मात्र एका माणसाच्या डोळ्यांवर राहिलो. त्यांचं नाव नत्थूजी.

नत्थूजी वर्कशॉपमध्ये ग्राइंडिंग करतात. दोन लोखंडी पट्ट्या वेल्डिंगनं जोडल्या की जोडावर एक खडबडीत गाठ उरते. हातातल्या मशीनच्या गरगर फिरणाऱ्या चकतीनं ती गाठ घासून सपाट करायची, हे त्यांचं काम. त्यांनी घासलेल्या जोडावर बोट फिरवलं तर तो कुठं आहे ते सापडत नाही. घासताना ठिणग्यांचा मोठा फवारा उडतो. लांबून तो फार सुंदर दिसतो, पण त्यातली प्रत्येक ठिणगी म्हणजे लोखंडाचा तापलेला कण असतो.

आणि नत्थूजींना तर एकच डोळा आहे, असं म्हटलं तरी चालेल. लहानपणी खेळताना विटी त्यांच्या डाव्या डोळ्यावर बसली. तेव्हापासून त्या डोळ्याला उजेड आहे की अंधार, एवढंच कळतं. लोखंडावरची खडूची रेघ, सायकलसमोरचा खड्डा, भिंतीवरचं घड्याळ, सगळं उजवा डोळा पाहतो. म्हणून मालकांनी मला त्यांच्या हातावर ठेवलं, तेव्हा त्यांनी मला दोन्ही हातांनी घेतलं. त्यांच्या बायकोला, प्रेमलताताईंना, तर मी फारच आवडलो. रोज सकाळी नत्थूजी सायकलवर टांग टाकायला लागले की त्या शिलाई मशीनवरून मान वर करून विचारायच्या, "गॉगल घेतला ना जी?"

"घेतला वं," नत्थूजी म्हणायचे.

माझे ते दिवस फार सुखाचे होते. दिवसभर माझ्यावर कण आपटायचे. टिक, टिक, टिक. प्रत्येक टिक म्हणजे नत्थूजींच्या डोळ्यात न गेलेला एक कण. एकदा तर चालत्या मशीनची चकतीच तुटली आणि तिचा एक तुकडा सणसणत येऊन माझ्या उजव्या काचेवर बसला. नत्थूजी दोन पावलं मागे गेले. पण तुकडा खाली पडला होता आणि माझ्या कडेला जेमतेम एक टवका गेला होता. वर्कशॉपमधले सर्वांत जुने वेल्डर बळीरामजी धावत आले. त्यांनी मला हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "वाचला गा नत्थू! या पठ्ठ्यानं वाचवला तुले." हे ऐकून मी इतका फुगलो की काड्या ढिल्या होतात की काय, असं मला वाटलं.

या बळीरामजींविषयी तुम्हाला सांगायला हवं. माणूस मनाचा मोठा. वेल्डिंग करताना स्वतःच्या तोंडासमोर काळ्या काचेची ढाल धरतात. पण वर्कशॉपमध्ये कोणाच्या डोळ्यात कण गेला की त्यानं दवाखान्यात जायचं नाही, बळीरामजींकडे जायचं, अशी तिथली जुनी रीत. ते आपल्या गळ्यातल्या दुपट्ट्याच्या टोकाला पीळ देत, त्यावर तोंडाची वाफ सोडत, समोरच्याची पापणी उलटी करत आणि टोकानं कण टिपून घेत. मग त्याला चहा पाजत. "माहा हात हलका हाय," असं ते अभिमानानं सांगत. कण निघायचा खरा. न निघालेल्या कणांची गोष्ट मात्र कोणी काढत नसे.

दुपट्टा नत्थूजींच्याही गळ्यात असे. उन्हातान्हात डोकं झाकायला, घाम पुसायला, जेवताना हात पुसायला आणि मला पुसायला. माझ्यावर त्यांचा इतका जीव होता की दिवसातून वीस वेळा ते मला काढत आणि दुपट्ट्यानं मायेनं पुसत. मलाही बरं वाटायचं. पण मित्रांनो, त्या दुपट्ट्यात दिवसभराची लोखंडाची बारीक पूड बसलेली असे. कोरड्या कापडात पूड आणि वर अंगठ्याचा दाब. प्रत्येक पुसण्यात माझ्या काचेवर केसाइतका एक ओरखडा उठत होता. एका ओरखड्यानं काही बिघडत नाही. पण वीस वेळा रोज, दोन वर्षं, हा हिशेब तुम्हीच करून पाहा. पोलादी गोळीला न घाबरणारा मी, मला गोंजारणाऱ्या कापडानं आंधळा होत चाललो होतो आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

मग नत्थूजींना त्रास व्हायला लागला. ते डोळे बारीक करून काम करू लागले. दिव्याभोवती त्यांना कडं दिसायचं. संध्याकाळी कपाळ ठणकायचं. त्यातच मापाच्या टेपवरच्या बारीक रेघा त्यांना दिसेनाशा झाल्या. टेप हातभर लांब धरला तर दिसायच्या, जवळ आणला की पुसल्यासारख्या व्हायच्या. एकदा जिन्याचा कठडा बोटभर आखूड कापला गेला. मालक फार बोलले नाहीत, पण नत्थूजींना ते लागलं. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून असं कधी झालं नव्हतं.

दुपारी डबा खाताना त्यांनी बळीरामजींना हळूच सांगितलं, "दादा, डोया बरोबर काम नाही करून राहिला."

बळीरामजींनी पोळीचा घास तोंडातच ठेवून माझ्याकडे पाहिलं. "मले तर पहिलेच वाटत होतं. नत्थू, हा गॉगलच तुह्या डोयाले खाऊन राहिला. दिवसभर काचेतून पाह्यलं का डोयाले काचेची आदत पडते. मंग उघडा डोया कामाचा राहत नाही. माह्या साळ्याचं असंच झालं."

"काहून बा? त्यानं तर मले वाचवलं."

"वाचवलं ना. पण आतून खाल्लं."

नत्थूजींना ते एकदम पटलं नाही. त्यांनी आपल्या परीनं परीक्षा घेतली. मला डोळ्यांवर ठेवून रस्त्यापलीकडच्या औषधाच्या दुकानाची पाटी पाहिली. पाटी धुकट. मग मला काढून पाहिलं. पाटी लख्ख! पुन्हा घातला, धुकट. पुन्हा काढला, लख्ख. ते खाली बसले. "खरंच हाय गा दादा," एवढंच म्हणाले.

मला काय वाटलं असेल! मी? ज्यानं चकतीचा तुकडा छातीवर झेलला, त्यानं डोळा खाल्ला? मला ओरडून सांगावंसं वाटलं की हे साफ खोटं आहे. पण आम्हा गॉगलांना तोंड नसतं. आणि असतं तरी त्या दिवशी मी चुकीचंच बोललो असतो, हे मला पुढं कळलं.

त्या दिवसापासून माझी जागा बदलली. मी कपाळावर गेलो. काम सुरू झालं की नत्थूजी मला वर सरकवत आणि उघड्या डोळ्यानं मशीन चालवत. देवानं त्यांना एकच धड डोळा ठेवला होता आणि तो जपायचा म्हणूनच त्यांनी मला त्याच्यावरून हटवलं. त्यांच्यावर रागवावं तरी कसं? सकाळी प्रेमलताताई विचारत तेव्हा ते पूर्वीसारखंच "घेतला वं" म्हणत, आणि ते खोटंही नव्हतं. मी महिनाभर त्यांच्या कपाळाची राखण केली. कपाळाला काहीही झालं नाही, एवढं यश मी नक्कीच सांगू शकतो.

डोकं दुखायचं थांबलं. त्यामुळे बळीरामजींचं म्हणणं सगळ्यांनाच पटलं. पण टेपवरच्या रेघा काही परत आल्या नाहीत. लांबचं दिसे, जवळचं दिसेना. नत्थूजींनी त्याचा अर्थ असा लावला की गॉगलनं खायचं तेवढं आधीच खाल्लं आहे आणि आता डोळा हळूहळू विझणार. हे ते घरी बोलले नाहीत. बळीरामजींना मात्र एकदा म्हणाले, "एकच डोया हाय दादा. हाही गेला तर मी प्रेमलताले काय सांगू? तिचं बोट धरून फिरू का?" त्यांचा आवाज तेव्हा इतका बारीक झाला होता की बळीरामजींना कान पुढं करावा लागला.

आणि मग तो प्रताप नगरचा दिवस उजाडला.

तिथं यमुताई नावाच्या एका सेवानिवृत्त शिक्षिकेच्या घराला आम्ही बनवलेलं गेट बसवायचं होतं. नत्थूजी आणि बळीरामजी दोघेच गेले होते. गेट बसलं, झुललं, पण कडी खाचेत जाईना. खाच थोडी घासायला हवी होती. दोन मिनिटांचं काम. यमुताई कागदी पेल्यांतून चहा घेऊन आल्या होत्या. "चहा निवतो आहे, आधी घ्या," असं त्या म्हणाल्यासुद्धा. "हे एवढं करून घेतो मावशी," म्हणत नत्थूजींनी गुडघा टेकला, खाच आतल्या अंगाला होती म्हणून चेहरा जवळ नेला आणि मशीन चालू केली. मी कपाळावर होतो. माझ्यापासून डोळ्यापर्यंत चार बोटांचं अंतर असेल. ठिणग्या निघाल्या, त्यातली एक वर वळली, मला ती येताना स्पष्ट दिसली आणि मी काहीही करू शकलो नाही.

"आई गं!" नत्थूजींच्या हातून मशीन सुटली. ते उजवा डोळा दाबून तिथंच बसले. डोळ्यातून पाण्याची धार लागली. "दादा, मले दिसत नाही. दादा, काहीच दिसत नाही गा!"

बळीरामजींचा चेहरा पांढराफटक पडला. पण हात आपसूक दुपट्ट्याकडे गेले. टोकाला पीळ बसला, तोंडाची वाफ बसली. "हात काढ नत्थू, आत्ता काढतो. घाबरू नको. माहा हात हलका हाय." त्यांनी पापणीला बोट लावलं.

"खबरदार त्या डोळ्याला हात लावाल तर!"

यमुताई इतक्या जोरात ओरडल्या की रस्त्यावरचा भाजीवाला थांबला. पस्तीस वर्षं वर्गात मुलांना विज्ञान शिकवलेला आवाज तो. बळीरामजींची बोटं जागच्या जागी थिजली. "तापलेला कण आहे तो. रुतून बसला असेल. तुम्ही त्या मळक्या कापडानं टोकरायला गेलात तर आणखी आत जाईल. आणि तुम्ही, डोळा चोळू नका. मुळीच नाही." त्यांनी एका पेल्यातला चहा तुळशीच्या कुंडीत ओतून दिला, पेला पुसला, वरून अर्धा कापला आणि डोळ्याला कुठंही टेकणार नाही अशा बेतानं भुवईवर आणि गालावर चिकटपट्टीनं लावला. मग स्वतः रस्त्यावर जाऊन ऑटो थांबवली आणि दोघांना डोळ्यांच्या दवाखान्याचा पत्ता दिला. गेट अर्धवट राहिलं आणि त्याची कोणालाही आठवण झाली नाही.

त्या ऑटोत मी बळीरामजींच्या मुठीत होतो. नत्थूजी सारखं एकच विचारत होते, "आलो का? आलो का?" आणि बळीरामजी प्रत्येक वेळी "आलोच," म्हणत होते.

दवाखान्यात डॉक्टर नीला नावाच्या बाई होत्या. त्यांनी आधी औषधाचे थेंब टाकून डोळा बधिर केला, हनुवटी एका यंत्रावर टेकवायला लावली आणि कितीतरी वेळ पाहत राहिल्या. तोवर बळीरामजींचा फोन मिळून प्रेमलताताई धापा टाकत पोचल्या होत्या. गळ्यात मापाचा टेप तसाच होता. डॉक्टरांनी बारीक सुईनं कण काढला, कापसावर ठेवून दाखवला. मोहरीच्या दाण्याहून लहान होता. "कडेला रुतला होता," त्या म्हणाल्या. "मधोमध बसला असता तर कायमचा डाग राहिला असता. आज डोळा झाकून ठेवू. उद्या पट्टी काढून औषध टाकायचं आणि पाचव्या दिवशी यायचं. नजर किती राहिली, ते तेव्हा नीट पाहता येईल."

पाच दिवस! मला बळीरामजींनी प्रेमलताताईंच्या पिशवीत टाकलं होतं, त्यामुळे ते पाचही दिवस मी त्यांच्या घरी होतो. पहिल्या दिवशी प्रेमलताताई त्यांना हात धरून मोरीपर्यंत नेत होत्या, ताटात भाजी कुठं आणि भात कुठं ते सांगत होत्या. पट्टी निघाल्यावरही नत्थूजी डोळा फारसा उघडत नसत. मला वाटतं, उघडून पाहायचीच त्यांना भीती वाटत होती.

पाचव्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "ग्राइंडिंग करता आणि डोळ्यांवर गॉगल नाही?"

नत्थूजींचा बांध फुटला. "होता मॅडम. दोन वर्षं रोज घातला. त्यानंच तर डोया खराब झाला. या कणाच्या पहिलेपासूनच खराब होऊन राहिला होता. मी घरी कोणालेच सांगितलं नाही."

प्रेमलताताईंनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. "म्हंजे? कधीपासून?"

"झालं असन एखादं वर्ष."

प्रेमलताताईंनी पिशवीत हात घातला आणि मला बाहेर काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं. "हाच तो," त्या म्हणाल्या. मी आरोपीसारखा पडून होतो. आता माझी बाजू खरी ठरणार, अशी मला आशा होती.

डॉक्टर नीलांनी मला उचललं. आणि मित्रांनो, त्यांनी मला सरळ स्वतःच्या डोळ्यांवर चढवलं. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. वर मोठी अक्षरं, खाली लहान लहान होत गेलेली. त्या वाचायला लागल्या. पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. तिसरीवर अडकल्या. मान पुढं केली, डोळे बारीक केले, अगदी नत्थूजी करत तसे. "अहो, मलाच तिसरी ओळ दिसत नाही!" त्या म्हणाल्या. "आणि मी हा तक्ता रोज पाहते."

मग त्यांनी मला दिव्यासमोर धरलं. माझ्या काचेवर हजारो बारीक ओरखडे कोळ्याच्या जाळ्यासारखे चमकले. ते पाहून नत्थूजी चकित झाले, पण माझ्याइतके नाही. मी स्वतःला कधी उजेडात धरून पाहिलंच नव्हतं.

"पुसता कशानं?"

नत्थूजींनी गळ्यातला दुपट्टा हळूच हातात घेतला.

"झटकून पाहा."

त्यांनी तो टेबलावर झटकला. पांढऱ्या कागदावर काळी पूड पडली. डॉक्टर हसल्या. "कोरडा पुसायचा नाही हा. नळाखाली धरायचा, पूड वाहून जाऊ द्यायची, साबणाचं बोट फिरवायचं आणि स्वच्छ कापडानं टिपायचा. आता गॉगल राहू द्या. उघड्या डोळ्यानं वाचा पाहू."

नत्थूजी उभे राहिले. प्रेमलताताईंनी पदराचं टोक मुठीत धरलं. पहिली ओळ. दुसरी. तिसरी, चौथी, पाचवी. प्रत्येक ओळीला नत्थूजींचा आवाज मोठा होत गेला. शेवटून दुसरी ओळ त्यांनी पाढे म्हटल्यासारखी म्हटली. शेवटच्या ओळीत एक अक्षर चुकलं, तर डॉक्टर म्हणाल्या, "ते माझंही चुकतं."

"पण मॅडम, जवळचं नाही दिसत. टेप नाही दिसत."

"वय काय तुमचं?"

"पंचेचाळीस."

त्यांनी एक भिंग त्यांच्या डोळ्यासमोर धरलं आणि बारीक अक्षरांचा कागद हातात दिला. नत्थूजींनी तो कागद शेवटपर्यंत वाचला. खालचा छापखान्याचा पत्तासुद्धा वाचला. "ही चाळिशी," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही गॉगल घातला असता तरी आली असती, नसता घातला तरी आली असती. माझ्याही पर्समध्ये आहे. डोळ्यावर गॉगल ठेवल्यानं नजर कमी होत नाही. ओरखड्यांतून दिवसभर पाहिलं की डोळा शिणतो, डोकं दुखतं आणि काढला की शीण जातो. बस्स, एवढंच. तुमचा डोळा चांगला आहे, नत्थूजी. खूप चांगला आहे. फक्त तो एकटा आहे, म्हणून त्याच्यावरून गॉगल कधीही हटवायचा नाही."

नत्थूजी खुर्चीत बसले आणि लहान मुलासारखे रडले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. प्रेमलताताई रडत होत्या आणि ओरडतही होत्या, "वर्षभर मनात ठेवलं? मले सांगाचं नाही? मी काय परकी हाय का?" आणि मग मध्येच त्या हसायला लागल्या, कारण नत्थूजी रडता रडता पुन्हा भिंतीवरचा तक्ता वाचत होते. बाहेर बाकावर बळीरामजी बसले होते. त्यांना हे कळलं तेव्हा त्यांनी दोन्ही हात जोडले आणि कितीतरी वेळ सोडले नाहीत. मग इकडंतिकडं पाहत त्यांनी डॉक्टरांना हळूच विचारलं, "मॅडम, माह्याही डोयाले पाहता का? मलेही टेप दिसत नाही जी."

माझाही जीव भांड्यात पडला. पण खरं सांगायला हवं. महिनाभर मी स्वतःला निर्दोष समजत आलो होतो. माझ्यावर अन्याय झाला, असं मनातल्या मनात कुढत होतो. त्या टेबलावर मला कळलं की नत्थूजींनी पाहिलेलं धुकं खरंच माझं होतं. मी त्यांचा डोळा खाल्ला नाही. पण माझ्यामुळे एक चांगला डोळा वर्षभर भीतीत जगला आणि शेवटी उघडा पडला. घमेंड उतरायला एवढं पुरे होतं.

नंतर गोष्टी भराभर बदलल्या. चाळिशीचा नंबर बसवलेला नवा गॉगल नत्थूजींना मिळाला. मालकांनी बाकीच्यांसाठीही नवे गॉगल आणले, आणि या खेपेला कोणत्याही गेटवर दाखवायला नाही. वर्कशॉपच्या नळावर साबणाची वडी आली. आता काम थांबलं की तिथं रांग लागते आणि सगळे जण आपापले गॉगल धुतात. डोळ्यात कण गेलेल्याला बळीरामजी आता चहा पाजत नाहीत. त्याच्या डोळ्यावर कागदी पेला लावून ते त्याला ऑटोत बसवतात, आणि ते इतक्या रुबाबात करतात की ही युक्ती त्यांनीच शोधली असं वाटावं.

माझं काय करायचं, हा प्रश्न एका दुपारी निघाला. प्रेमलताताई डबा घेऊन आल्या होत्या. डबा हे निमित्त. गॉगल कुठं आहे ते पाहायला त्या अधूनमधून अशा येतात. तो नत्थूजींच्या डोळ्यांवर होता. मी मशीनशेजारी पडलो होतो.

"राहू दे त्याले," बळीरामजी म्हणाले. "कोणी नवा आला, पाहुणा आला, तर त्याले घालाले होईल."

नत्थूजींनी नवा गॉगल काढून ठेवला, मला उचललं आणि डोळ्यांवर लावलं. कितीतरी दिवसांनी मी माझ्या जागेवर होतो. समोर प्रेमलताताई उभ्या होत्या. माझ्यातून त्या दिसत होत्या, पण कशा! चेहऱ्याच्या जागी नुसता एक पिवळसर डाग आणि साडीचा हिरवा रंग. नत्थूजींनी मला काढलं आणि पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

"अवं, तू तर तशीच हायेस," ते म्हणाले. "मले वाटत होतं, डोया विझून राहिला अन् तुहं तोंड मी विसरून राहिलो."

"काही तरीच बोलता तुमी," प्रेमलताताई म्हणाल्या आणि डब्याचं झाकण उघडू लागल्या. ते काही केल्या उघडेना.

"दादा," नत्थूजी म्हणाले, "हा पाहुण्यालेही नको. कोणाच्याच डोयावर नको." त्यांनी मला दोन्ही हातांनी धरलं आणि गुडघ्यावर ठेवून मधोमध मोडलं. मी मजबूत होतो, त्यांना तीन वेळा जोर लावावा लागला. मग त्यांनी माझे दोन्ही तुकडे कपाळाला लावले आणि भंगाराच्या टोपलीत ठेवले, टाकले नाहीत.

मित्रांनो, आमच्या जातीच्या वस्तू आपली कहाणी सांगून झाली की शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, आम्हाला टाकू नका. मीही पहिलं तेच म्हणतो. आम्हाला डोळ्यांवर ठेवा, कपाळावर नको. आम्हाला पाण्यानं धुवा. तुमच्या घरी कोणी लोखंड कापत असेल, दगड फोडत असेल, लाकूड तासत असेल, तर त्यांच्या गॉगलची काच एकदा उजेडात धरून पाहा आणि त्यांना धुकट दिसतंय का ते विचारा. ते स्वतःहून सांगणार नाहीत. पण आमच्यातून आपलं माणूस नीट दिसेनासं झालं, तर मात्र आमच्यावर जीव लावू नका. खुशाल मोडा आणि नवा घ्या. मला मोडलं त्या दुपारी वर्कशॉपमध्ये कोणालाच वाईट वाटलं नाही, आणि सगळ्यांत कमी मला.